सहा आठवड्यांचा अहवाल

कॉलेजचा फॉर्म दोन पानांचा आहे.
भेट दिलेला देश: जमैका.
सांस्कृतिक अनुभव: तीन मुद्द्यांत लिहा.

मी तांबट लेनच्या माडीवर बसलेय, पेन उघडून.
खाली काकांच्या दुकानाचं शटर अर्धं वर.
पुढ्यातला हंडा अर्ध्यापर्यंतच ठोकलेला,
खाली लखलखीत खवले,
वर नुसता पत्रा.

मुद्दा पहिला.
किंग्स्टनच्या बाजारात एका बाईनं आंबा दिला,
म्हणाली, हा बॉम्बे.
म्हटलं, मी तिथलीच, जवळची.
ती खूप हसली.
तिच्या लेखी बॉम्बे हे झाड होतं.
मिस व्हर्नाकडे नाताळात लालभडक सरबत, आलं घातलेलं.
एका घोटात जिभेनं ओळखलं: अंबाडी!
आई पानं खुडते, बोंडं फेकते.
ते बोंडं ठेवतात, पानं टाकतात.
मधल्या एवढ्या समुद्रात
अख्खं झाड कुणीच खाल्लेलं नाही.

मुद्दा दुसरा.
तिथे 'सून कम' म्हणतात.
आईनं फोनवर विचारलं, कुणाची सून?
म्हणजे येतोच, गं.
म्हणजे दहा मिनिटं, किंवा गुरुवार.
बरोबरची मुलं वैतागली, मी नाही.
आपल्याकडे तरी निघताना 'जातो' कोण म्हणतं?
गाडीत बसताना मीही काकांना म्हटलंच होतं, येते.
त्यांनी मान वर केली नाही,
एक ठोका तेवढा गाळला.

मुद्दा तिसरा.
याला फॉर्मवर जागा कमी आहे.
ज्या दिवशी शेजारचे डेस्मंड गवंडी वारले
त्याच दिवशी भालूकाका गेले.
नवव्या रात्री मिस व्हर्ना म्हणाली,
अभ्यासाला आलीस ना? चल.
अंगणात ताडपत्री, तळलेले मासे, पांढरी रम,
टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या आपटत होत्या,
आणि गाणी अशी की मेलेल्यालाही झोप लागू नये.
रात्रीचे अकरा.
नाशकात सकाळचे साडेनऊ.
त्यांची नववी रात्र तोच आमचा दहावा दिवस.

फोनमध्ये गंगेवर ऊन होतं.
रामकुंडापाशी पिंड मांडलेला, कावळे भिंतीवर.
दादानं सगळं कबूल करून पाहिलं:
दुकान विकणार नाही,
काकूला अंतर देणार नाही,
चांदवडच्या गिऱ्हाइकाची उचल परत करू.
कावळा मान वाकडी करून ऐकत बसला.
मग आईनं फोन पिंडापुढे धरला. तू बोल.

मागे सोंगटी आपटली.
म्हटलं, काका, हंडा राहू द्या तसाच. येतेच मी.
काय म्हणालीस, मिस व्हर्नानं विचारलं.
सून कम, म्हटलं.
तिनं ते अंगणभर ओरडून सांगितलं,
आणि कधी न पाहिलेल्या माणसासाठी
कुणीतरी मातीवर रमचे दोन थेंब सांडले.
पडद्यावर काळं काही फडफडलं,
रेंज गेली.

आई म्हणते, शिवला.
दादा म्हणतो, तो शेजारच्या पिंडाला शिवला.

पहाटे डेस्मंडच्या खोलीत पलंग फिरवला,
गादी उलटी केली.
परत आला तर त्याला घर ओळखू येऊ नये.
एक कोपरा मीही धरला. जड होती.
इथे आले तर काहीच हललेलं नाही,
हातोडी तिथेच, चष्मा ऐरणीवर.
काकू पुसूसुद्धा देत नाही,
म्हणते, त्यांना सापडायला नको?

हे दोन्ही एका मुद्द्यात कसं बसवायचं
मला कळत नाही.
अभ्यासाचं फलित: एक ओळ, रिकामी.

खाली जाऊन हंड्यापाशी बसते.
पहिलाच ठोका तिरपा जातो.
वरून आई विचारते, काय गं, काय झालं?
काही नाही, म्हणते,
अंबाडी निवडशील तर बोंडं टाकू नकोस.