तीन मीटर

खुर्चीतून उठा. तीन मीटर चाला.
वळा, परत या, बसा.
बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका,
असं कागद म्हणतो. कागद
कुठल्या तरी गुळगुळीत फरशीवरून आलेला.

जेलरोडच्या दोन खोल्यांत तीन मीटर
सापडायलाच दहा मिनिटं गेली.
पलंग सरकवा, शिलाई मशीन भिंतीला,
नातवाची सायकल बाहेर.
पलंगापासून मोरीकडे टेप धरला
तर मध्ये उंबरा.

पुंजाराम गांगुर्डे, वय एकोणऐंशी,
नोटांच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं तपासणीला.
ताव उजेडात धरायचा, चूक हेरायची,
खूण करून बाजूला ठेवायचा.
माझा फॉर्मही त्यांनी सवयीनं
खिडकीकडे धरला.
"ताई, ह्यात उंबरा छापायचा राहिलाय."

मी हसले.
"आणि रात्र," ते म्हणाले.
"मी काय सकाळी अकराला पडतो का,
तुमच्यासमोर, चप्पल घालून?
पडलो ते पावणेतीनला. लाईट नाही,
लेंग्याची नाडी सोडायची घाई..."
आतून द्वारकाबाई खाकरल्या.

सतरा सेकंद. मी लिहून घेतले.

प्रशिक्षणात सांगितलं होतं:
एका पायावर उभं राहणे, आधाराला टेबल,
आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे.
टेबल नव्हतं, ओटा होता.
आणि घड्याळ बघत उभं कोण राहणार?
द्वारकाबाईंनी तोड काढली:
नळाखाली तांब्या भरेपर्यंत डावा पाय,
दुसरा तांब्या भरेपर्यंत उजवा.
दोघांनी, रोज, पाणी येईल तेव्हा.
पाणी बारीक आलं की व्यायाम वाढतो,
त्याला इलाज नाही.

बाराव्या आठवड्यात गेले तर
उंबऱ्याला पांढरा पट्टा,
खाली बसून त्यांनीच ओढलेला,
कडेला एक थेंब सांडलेला नाही.
मोरीच्या दारावर झिरोचा बल्ब.
चौदा सेकंद.
म्हणजे कागदाच्या हिशेबानं अजून नापास.
पण मधल्या काळात पडले नाहीत एकदाही,
आणि ते सांगताना
द्वारकाबाईंनी पटकन लाकडी पाटाला हात लावला.

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं.
ऑफिसात माहिती भरणारा निलेश
स्क्रीनवरून मान वर करून विचारतो,
"मॅडम, 'उंबरा दीड इंच, तांबे दोन',
हे कुठल्या रकान्यात टाकू?"

थांब म्हटलं,
रकाना आखायचाय अजून.