उलटं शिंग

खडेबाजारात घड्याळं दुरुस्त करतो मी,
खरं लोक बिल्लेपण घेऊन येतात.
कॅम्पातल्या शिपायांची पदकं फितीवर बसवता बसवता
चाळीस वर्षांत नजर तयार झाली, एवढंच.

परवा मुतग्याचा सातेरी आला.
तंबाखूच्या चंचीतून काढला त्यानं
चुलत्याच्या टोपीचा बिल्ला. भरमाणाचा.
इटलीला गेलेला, परत आलेला, आणि त्याबद्दल
घरात एक शब्द न काढलेला भरमाणा.
पुण्याचं गिऱ्हाईक थांबलंय म्हणे:
"खरा आहे, एवढं लिहून द्या की."

भिंग डोळ्यात अडकवलं.
लोहचुंबक फिरवला, त्यानं ओळख दिली नाही.
पाठीला दोन कड्या झाळलेल्या, एक तिरकी.
ठशाखालचं पितळ गुळगुळीत असतं;
ह्याच्या अंगावर देवीचे वण,
कडेला कानशीचे ओरखडे.
आणि शिंग
तोंड फिरवून बसलेलं, भलत्याच बाजूला.

"मग डुप्लिकेट हाय?"

थांब जरा.
डुप्लिकेट मी पोत्यानं बघितलेत,
मिठाच्या पाण्यात पुरून म्हातारे केलेले.
ते खऱ्यावरूनच साचा घेतात,
त्यांचं शिंग कधी चुकत नाही.
नकली असता तर बरोबर असता हा.

हा कुणीतरी बघून बघून कोरलाय.
शेजाऱ्याच्या टोपीकडं एक डोळा ठेवून,
मऊ दगडात, चाकूच्या टोकानं, अगदी हुबेहूब.
ओतल्यावर पितळानं कूस बदलली.
काडतुसाचं पितळ असेल.
कुठं ओतलं? तारेच्या कुंपणाआड?
की शहापुरातल्या एखाद्या तांबटाकडं,
हरवलेला सांगायची लाज वाटली म्हणून?
एवढं भिंगाला दिसत नाही.

"काहीच बोलायचा नाही?"
"दाढी झाली की टोपी चढवायचा,"
सातेरी म्हणाला,
"आरशात बघायचा नि म्हणायचा,
आता सरळ हाय."

बराच वेळ मी दुसऱ्याच एका घड्याळाची किल्ली देत बसलो.

मग कागद ओढला.
लिहिलं: बिल्ला खरा आहे, खरं
आणि पेन अडलं.
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'सुद्धा.
पुण्याच्या माणसाला ते कोण सांगणार,
आणि 'पण'च्या पुढं मी तरी काय लिहिणार?

सातेरीनं तेवढाच कागद घडी घालून
बिल्ल्याशेजारी ठेवला, चुन्याच्या डबीला टेकवून.
"किती झालं?" म्हणाला.
मी भिंग पुसत राहिलो.