दस्ता

हेमकांत आला तेव्हा मी अंगणात कामट्या तासत होतो,
बांबूच्या, बोटभर रुंद,
कडा मोडून. पोरांच्या कातडीला धार लागू नये.
त्यानं चप्पल दाराबाहेर काढली. एरवी काढत नाही.
हातात कागद, घडी इतक्यांदा घातलेली
की शिक्क्यावरूनच फाटायला आलेला.

मला मराठी वाचता येतं, ते इंग्रजीत होतं.
त्यानंच वाचलं, आणि बोट ठेवलं
स्वतःच्या डाव्या कोपरावर.
"आत वळेल शे, आबा. बारा अंश."

सोळाशे मीटर, पाच मिनिटं वीस सेकंद.
दहा बीम.
नऊ फुटांचा खड्डा असा ओलांडला
की पलीकडच्या हवालदारानं विचारलं, गाव कोणतं?
अनेरकाठचं, साहेब.
मग एका खोलीत चड्डीवर उभं केलं,
दोन्ही हात पुढे, तळवे आढ्याकडे.
डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिला
आणि शेजारच्याला म्हणाला,
हा बघ, बंदुकीचा दस्ता.
हेमकांतला आधी वाटलं, कौतुक आहे.

नऊ वर्षांचा होता, केळीच्या ट्रॉलीवरून पडला.
शिरपूर काही लांब नव्हतं, ट्रॅक्टरही दारात होता,
पण तेव्हा शिरपूरची माणसं माझ्याकडे येत.
लाईट गेलेली. त्याच्या बापानं बॅटरी धरली,
आणि बापाचा हात पोरापेक्षा जास्त कापत होता.
सुजेच्या आत मी हाड शोधलं अंगठ्यानं,
गढूळ पाण्यात पडलेली जोडवी शोधावी तसं.
ओढलं. तो ओरडला. टक् झालं.
उडदाचं पीठ, अंड्याचं पांढरं, चार कामट्या,
वरून केळीच्या सोपटाचा बंध.

एकविसाव्या दिवशी सोडलं.
हात लांब करून धरला, आणि मला दिसलं.
त्याच्या आईला दिसलं नाही.
म्हणालो, वाढतं अंग आहे, येईल जागेवर.
तिनं सव्वाशे रुपये आणि नारळ ठेवला.
तो नारळ मी फोडला नाही बरेच दिवस.

आता तो समोर मांडी घालून बसलेला.
रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.
"मुदत शे, आबा. परत तपासतस.
हाऊ हात तोडा. नि परत बसाडा. सरळ."

"दुखस का?"
"नही."
"काही अडस?"
"नही ना."
त्याच हातानं तो घड उचलतो, तीस किलोचा,
आणि चीक कपड्याला लागू देत नाही.

मी त्याचं कोपर मांडीवर घेतलं.
अंगठे ठेवले, तिथंच.
आत गाठ लागली, चिंचोक्याएवढी, गुळगुळीत.
दाबलं. पुन्हा दाबलं. तो श्वास धरून बसला.
चाळीस वर्षं मी रडणाऱ्या पोरांना सांगत आलो,
मोडलेलं हाड जुळतं तिथं दुप्पट पक्कं होतं.
गप्प करायला सांगत होतो.
आज ते अंगठ्यांखाली खरं निघालं.

"तुटाव नही रे," म्हणालो.
एवढंच. त्या एकविसाव्या दिवसाचं
तोंडापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात फाटकाशी एक बाई,
कडेवर पोर, पोराचा हात लोंबता.
हेमकांतनं सरकून जागा दिली.
मी कामटी उचलली. तिची कड अजून मोडायची होती.
खाली ठेवली.
"शिरपूरला ने, बाई. फोटो काढ आधी."
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मलाच काही झालंय.

हेमकांत उठला, कागद खिशात कोंबला.
"मावशी, बठ. पोरले मझार धर."
किक मारली,
डाव्या हातानं क्लच दाबला.
काही अडलं नाही.