कमरेएवढी भिंत

मी देव मानत नाही, हे आधीच सांगून टाकते.
आमच्या शाळेत तो शिकवत नसत,
पुढे चाळीस वर्षं मी मुलांना रशियन शिकवली,
तिच्या व्याकरणातही तो कुठे भेटला नाही.

पण चर्चची किल्ली सध्या माझ्याकडे असते,
गुरुवार ते शनिवार, रात्री नऊ ते सकाळी सहा.
पाळकीणबाई वीबके यांच्या वाट्याला पाच गावं, पाच चर्चं, एक खोकणारी गाडी.
रविवारी इथे अकरा डोकी जमतात,
त्यातला ऑर्गन वाजवणारा पैसे घेतो.

वेदीमागच्या खोलीत पूर्वी झगे टांगत.
आता तिथे लेतेब्रहान राहते
आणि तिचा फिलमोन, वय वर्षं सात.
एक खाट, विजेची शेगडी, खिडकीत वाळणारे मोजे.
समुद्राबद्दल ती बोलत नाही. मी विचारत नाही.
तिच्या बोटांचे ठसे इटलीत आहेत,
म्हणून तिने इटलीतच राहायचं,
म्हणजे रस्त्यावर. असं कागद म्हणतो.
कागद बरोबरही असेल,
मी जन्मभर कागदच तपासले.

पोलीस आत येऊ शकतात.
उंबऱ्याशी थांबावं असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.
तरी थांबतात.
कशापाशी थांबतात, हे मी रात्रभर बसून शोधते.
वर टांगलेल्या लाकडी माणसाचा अंगठा किडीने खाल्लाय;
त्याला विचारलं असतं, पण आमची तेवढी ओळख नाही.

बायबल न चुकता वाचणाऱ्या क्लेम्केबाई म्हणाल्या,
हे राजकारण झालं, आणि वर्गणी बंद केली.
पेट्रोलपंपावरचा ओडो
(त्याच्या दंडावर काय गोंदलंय ते मी पाहिलंय)
दर मंगळवारी बटाट्यांचं पोतं दाराशी टेकवून जातो.
बेल वाजवत नाही.
विचारलं तर म्हणतो, बटाटे कुणाचे, मला काय ठाऊक.

पहाटे चारला लेतेब्रहान गार फरशीवर
अनवाणी उभी राहते.
मी कोपऱ्यात मोजे विणत असते.
तिचे ओठ हलतात, माझेही;
ती कुणाशी तरी बोलते,
मी टाके मोजते.

काल संध्याकाळी फिलमोनचा चेंडू
भिंतीपलीकडे गेला. भिंत कमरेएवढी,
पण त्याला पक्कं माहीत आहे, पलीकडे जर्मनी सुरू होते.
चेंडू थेट गस्तीच्या गाडीवर आदळला.
पोरगं थडग्यांमध्ये दगड होऊन उभं.
माझी मूठ किल्लीवर.

गाडीतून उतरला तो माझाच विद्यार्थी,
षष्ठी विभक्तीला कायम अडखळणारा.
त्याने चेंडू उचलला, भिंतीपर्यंत आला
आणि तिथे पुन्हा अडखळला.
बूट गवतावर पुसले, उगाचच.
मग वाकून चेंडू त्या पोराच्या हातात दिला.
फेकला नाही.

वहीत मी लिहिलं :
उणे चार. हीटर पुन्हा बंद.
बाकी काही विशेष नाही.