चारपर्यंत

कॅम्पातल्या चर्चच्या वहीत तो पोलिश.
क्लबाच्या पिवळ्या कार्डावर रशियन,
तेही पेन्सिलीनं, पुढं प्रश्नचिन्ह.
आडनाव एकीकडं ग्रिन्चुक, दुसरीकडं ह्रिन्चुक.
'ग' की 'ह' एवढ्यासाठी
तीन महिने मी कपाटं उघडतोय, शिंकतोय.

मैदानावर तो इस्तेपण्णा.
स्तेपानला 'अण्णा' आम्हीच चिकटवला,
पहिल्यांदा अनगोळच्या यल्लाप्पा हुद्दारनं,
पेनल्टी अडवली त्या संध्याकाळी.

वळिवड्याच्या छावणीतून आला, एवढं नक्की.
युद्धातलं पोर. आगगाडी, इराण, बोट, मग कोल्हापूर.
छावणी मोडली, बाकीचे पांगले,
ह्याला एका पाद्र्यानं रात्रीच्या गाडीनं बेळगावात आणलं
आणि दोन खांबांच्या मधे उभं केलं.

गाव कुठलं, विचारलं तर म्हणायचा,
"गाव जाग्यावरच होतं की रे,
सरकारंच येजा करूलालती."
ह्या एका वाक्यावर येळ्ळूरची माणसं
त्याला वर्षभर चहा पाजायची.

नगरपालिकेच्या कारकुनानं मातृभाषा विचारली,
मराठी का कन्नड? तिसरा रकाना नव्हता.
त्यानं मधल्या रेघेवरच टिक केली.
मी पुढं वीस वर्षं लाइन्समन होतो, सांगतो:
रेघेवरचा चेंडू खेळातच असतो.

सरावाआधी उड्या मारताना तो मोजायचा,
मागून आम्ही पोरं ओरडायचो
ओदिन, द्वा, त्रि, चोतिरी.
'त्रि' ऐकून अष्टेकर मास्तर कुंपणापाशी थांबले,
हे तर संस्कृत, म्हणाले, आणि सायकलवर बसले.

यंदा मार्चात शहापूरच्या मुचंडींची अपूर्वा
डॉक्टरकी अर्धी टाकून तेर्नोपिलहून परतली,
पायात दुसऱ्याच कुणाचे बूट.
तिच्यासमोर मी मोजलं.
चौथ्या आकड्याला तिनं बशी खाली ठेवली.
"काका, चोतिरी तिकडचंच.
आमची घरमालकीण अस्संच म्हणायची.
पण तिची आई पोलिशमधे रडायची."
मग म्हणाली, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावताना
म्हातारी मोठ्यानं मोजत होती.
मी विचारलं, कितीपर्यंत?
विचारायला नको होतं.

रात्री लेले मैदानाच्या कडेनं
गुडघा सांभाळत, पावलं मोजत घरी आलो.
चोतिरीशी अडलो.
पाच त्यानं शिकवलंच नव्हतं.
चोतिरी म्हटलं की तो चेंडू लांब फेकायचा
आणि आम्ही पळत सुटायचो.