पालथा हात

हापसालूत, बाबांच्या घरी, जिन्याखालच्या कोनाड्यात
आंबवलेल्या कोबीच्या बरण्यांना खेटून
एक जुना कॉम्प्युटर आहे. दिवे, दार, हीटर सांभाळतो.
घरावर नजर ठेवणाऱ्यावर नजर कोण ठेवणार,
म्हणून मी त्यालाही त्याच यंत्रणेत एक चौकट दिली:
प्रोसेसर चौतीस अंश.
पंखा, मिनिटाला नऊशे वीस फेरे.
बारा व्होल्टची तार, अकरा पूर्णांक नऊ.
आणि खाली एक आकडा, कायमचा एकशे सत्तावीस.

"हा कोण एवढा तापलाय?" बाबांनी विचारलं.
कोणी नाही, म्हटलं. तिथे सेन्सर लावलेलाच नाही.
रिकामी पिन असंच काहीबाही बरळते.
काढू?
"राहू दे. आमच्या डेपोत एक होता असा."

रूळ उखडले जाईपर्यंत एकतीस वर्षं
त्यांनी डिझेलची इंजिनं चालवली.
गाडी थांबली की खाली उतरून
चाकाचाकाच्या बेअरिंगला पालथा हात लावत जायचे.
तळहात नाही. तळहाताला घट्टे, त्याला काय कळतंय.
मला ताप आला की कपाळालाही तसाच,
पालथा, वंगणाच्या वासाचा,
आणि वळून आईला सांगायचे:
"पुढच्या स्टेशनापर्यंत जाईल."

मी टाल्लिनमध्ये लिफ्ट दुरुस्त करते.
दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना बाहेर काढते
आणि हात पुसून फोन बघते. चौतीस. नऊशे वीस.
इशारे नीट लावले होते:
सत्तरला पिवळा, पंच्याऐंशीला लाल,
पंखा थांबला तर भोंगा.
सगळा बंदोबस्त जळण्याचा.

फेब्रुवारीत, एका रात्री तीनला,
प्रोसेसर अकरा अंश.
सगळं हिरवं. इतकं हिरवं कधीच नव्हतं.
पंखा चारशेवर, जवळजवळ बिनकामाचा.
यंत्राला गारवा म्हणजे सुख, ते कशाला तक्रार करेल?
पण कोनाडा गार म्हणजे घर गार,
घर गार म्हणजे शेगडी विझलेली,
शेगडी विझलेली म्हणजे
पुढची पायरी मी उतरले नाही. फोन लावला.

सात रिंगा. मग खोकला.
"खिडकी उघडी आहे. नुर्र आली नाही अजून."
बाबा, बाहेर उणे एकोणीस आहे!
"तिलाही तेवढंच आहे."
मी भांडले. मांजरीवरून, न्यूमोनियावरून,
मागच्या वर्षी न घेतलेल्या इंजेक्शनावरूनही.
ते ऐकून घेत होते. कोट घातलाय, म्हणाले, टोपीही,
कोनाड्यासमोर खुर्ची टाकून बसलोय,
घरात तेवढंच काय ते कोमट आहे.
मग म्हणाले, "आजही झोपली नाहीस."

आजही?

"तू बघतेस तेव्हा त्याचा तो बारका दिवा फडफडतो.
मंगळवारी दोनला. काल पावणेचारला, बराच वेळ."

मी गप्प झाले.
अडकलेली माणसं दाराबाहेरची पहिली हाक ऐकून
होतात ना गप्प, तशी.
लाईनवर त्यांचा श्वास, त्यामागे पंखा,
त्यामागे खिडकीतून आत येणारी गोठलेली खाडी.
"पुढच्या स्टेशनापर्यंत जाशील ना?"
जाईन, म्हटलं. खिडकी लावा.
"अर्धी लावतो."

सकाळी एक ओळ वाढवली:
पंधराच्या खाली गेला तर कळव.
कुणाला? यंत्रणा विचारते.
माझं नाव घातलं. थोड्या वेळानं त्यांचंही.

गुरुवारी दुपारी, मी एका शाफ्टमध्ये लोंबकळत असताना,
आकडे चढू लागले. त्रेचाळीस. एकोणपन्नास.
पंखा चौदाशे, पंधराशे.
एका हातानं दोर धरून फोन लावला.
"काही नाही," बाबा कुजबुजले,
"कानाचा शेंडा गेलाय तिच्या,
आणि वरच्या जाळीवर पसरून झोपलीये.
सत्तरपर्यंत जाऊ दे,
मग उठवतो."