गिळल्यावर बोलायचं असतं

डंडीच्या त्या छोट्या थिएटरात, नोव्हेंबरातल्या मंगळवारी,
असू आम्ही तीस-पस्तीस जण.
पडद्यावरची मुलगी दातांनी पट्टा आवळत होती
आणि माझ्या शेजारच्याने नाचोजचा डबा
आवाज होणार नाही अशा बेताने
पायाशी ठेवला.

चाळिसाव्या मिनिटाला एक जोडपं उठलं.
बाईने कोटाची बाही तोंडावर दाबलेली,
पुरुष सॉरी, सॉरी म्हणत गेला, रिकाम्या खुर्च्यांनासुद्धा.
मग आईने मुलीला खोलीत कोंडलं.
मुलगी आतून दार खरवडत राहिली, नखांनी, बराच वेळ.
दिग्दर्शकाने कॅमेरा हलवला नाही.
आम्हीही हललो नाही.

फक्त एकदा, सुई पहिल्याच झटक्यात शिरेत गेली तेव्हा
तिसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं.
नाकातल्या नाकात. लग्नात भटजींचा मंत्र चुकला की
एखादी जाणती म्हातारी हसते तसं.
लोकांनी माना वळवल्या.
मला वळवावी लागली नाही.
मोरॅग इनिस. रोज सकाळी सव्वानऊ, साठ मिलीलिटर.

बाहेर लॉबीत एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणत होते,
पुन्हा बघवणार नाही, पण प्रत्येकाने एकदा बघावाच.
शाळाशाळांतून दाखवायला हवा, त्यांची बायको म्हणाली.
एक पोरगी जिन्यावर बसूनच राहिली.
मोरॅग पोस्टरपाशी, जॅकेटची टोपी पुढे ओढून.
तिने मला पाहिलं, मी तिला.
काउंटरबाहेर आपण होऊन ओळख दाखवायची नाही,
असा आमच्या धंद्याचा नियम.
ती तिकिटांचे दर वाचू लागली,
मी हातमोजे शोधू लागले. हातातच होते.

घरी निषाद म्हणाला,
दिवसभर तेच बघतेस, वर पैसे मोजून पुन्हा तेच?
मी भात गरम केला.
मराठीत आपण व्यसन हा शब्द लाडानेही वापरतो,
बाबांना वाचनाचं व्यसन, मावशीला चहाचं.
इथे काचेमागे उभी राहिल्यापासून
तो शब्द माझ्या तोंडून तसा सुटत नाही.
पण खरं सांगायचं तर मला खुपत होतं वेगळंच.
सिनेमात एक फार्मासिस्ट होती. दोन सेकंद.
काचेखालून सरकवलेला कप, कप सरकवणारा हात.
चेहरा दाखवलाच नाही.
नखं माझ्यासारखी, आखूड.

सकाळी हिलटाउनच्या चढावर बर्फाचा पापुद्रा,
मोरॅग तरीही सव्वानऊला हजर.
हिरवं मेथाडोन मोजलं, एका घोटात गेलं, वर पाणी.
मी रोजचं म्हणाले, बोल काहीतरी.
औषध तोंडात धरून बाहेर विकतात काही जण,
म्हणून बोलतं करायचं.
ती हवेबद्दल बोलते. कधी शिवी देते.
तीही चालते, शिवीलाही तोंड रिकामं लागतं.

आज थांबली.
तो कुत्रा, म्हणाली.
कुठला कुत्रा?
सुरुवातीला होता की. पिवळट, एक कान मोडका.
ती टीव्ही विकायला काढते, तेव्हा होता.
नंतर दीड तास कुठे नाही.
खायला कोण घालत होतं त्याला?

मागे रांगेत दोघं पाय आपटत उभे होते.
आई घालत असेल, मी म्हणाले.
आई दाराबाहेर बसलेली, रडत.
तेव्हा कुत्र्याकडे कोण बघतं?
माझ्याकडे उत्तर असावं अशा नजरेने ती उभी राहिली,
मग उत्तराविना टोपी ओढून निघाली.
दारातून ओरडली, आणि दात!
इतके चांगले दात कुठून आणले तिने?

मी कप विसळला. वेळ लिहिली, सही केली.
पुढच्याचे पंचेचाळीस मोजताना आठवून पाहिलं:
भिंतीतून उपटलेली टीव्हीची वायर,
सोफा, सोफ्यावर पिवळं काहीतरी.

मी उशी समजले होते.